जनावरांच्या औषधाचं लेबल खोटं वाटतंय? तक्रार करायची ती या क्रमानं

दुकानाच्या काउंटरवर बाटली आपटायची, दोन शिव्या हासडायच्या आणि त्याचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकायचा. बहुतेक प्रकरणं अशी सुरू होतात आणि तिथंच संपतात. चार दिवसांनी औषध निरीक्षक दुकानात पोचतो तेव्हा त्या बॅचची एकही बाटली फळीवर नसते. दुकानदार म्हणतो, "असलं काही मी ठेवतच नाही." तुमच्याकडे उरते ती अर्धी वापरलेली, सुई घालून घालून चाळण झालेली बाटली.

दूध संस्थेच्या कामात बारा-पंधरा वर्षं घातली. त्या काळात अशा तक्रारी लिहून देण्याची वेळ अनेकदा आली. फसलेल्या तक्रारींमध्ये शेतकऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं, क्रम चुकला होता. म्हणून हा लेख क्रमाचाच आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. जनावरांचं औषध म्हणून लोक पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीत अर्ज देतात. तिथले साहेब अर्ज घेतात, पण कायदेशीर नमुना घेण्याचा अधिकार त्यांना नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात 'औषध' म्हणजे माणसांचं किंवा जनावरांचं, असं स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे गाईच्या इंजेक्शनवर कारवाई करणारं खातंही तेच, जे तुमच्या क्रोसिनवर करतं: अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए.

## टप्पा १. औषध खोटं आहे की उपचार फसलाय, ते आधी बघा

गुण आला नाही म्हणजे औषध खोटं, असं होत नाही. हा टप्पा नकोसा वाटतो, पण इथं घाई केली की पुढचं सगळं पडतं.

सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार कॅल्शियमच्या बाटलीची. व्यालेली गाय दुग्धज्वरानं (अंगातलं कॅल्शियम घटल्यानं) बसते, कुणीतरी शिरेतून बाटली लावतं, गाय तडफडून मरते आणि बाटलीत विष होतं असं ठरतं. कॅल्शियम शिरेतून भरभर गेलं तर अस्सल बाटलीनंही हृदय बंद पडतं. बाटली किती मिनिटांत संपली, हा पहिला प्रश्न विचारायचा. उत्तर "पाच मिनिटांत" आलं तर मी तक्रार लिहायला बसत नाही.

हीच गोष्ट काससुजीच्या अँटिबायोटिकची. सडात तीन दिवस ट्यूब सोडायची होती, एकच सोडली. किंवा जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. लस असेल तर ती २ ते ८ अंश तापमानात ठेवलेली होती का, की दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत होती?

हे सगळं तपासून पशुवैद्यकाला दाखवा आणि केस पेपरवर नोंद करून घ्या: जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, औषधाचं नाव, बॅच नंबर, मात्रा, मार्ग (शिरेतून की तोंडातून), दिलेली तारीख, दिसलेला परिणाम. 'औषध बनावट आहे' असं लिहून द्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. ते डोळ्यांनी ठरवता येत नाही, हे त्यांना माहीत असतं. 'अपेक्षित प्रतिसाद दिसला नाही' एवढं पुरतं.

जनावर दगावलं असेल तर पुरण्याआधी शवविच्छेदन झालंच पाहिजे. उन्हाळ्यात काही तासांत अवयव तपासण्याच्या लायकीचे राहत नाहीत, त्यामुळे पशुधन विकास अधिकाऱ्यांना लगेच कळवा. विषबाधेचा संशय असेल तर पोलीस ठाण्यातही नोंद करा. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयव, न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवायचा तर तो पोलिसांमार्फत जातो.

तपासा: लेबलवरच खोट दिसत असेल (टप्पा ३), तर गुण आला की नाही हा मुद्दाच उरत नाही. गाय ठणठणीत असली तरी खोट्या लेबलची तक्रार करता येते.

## टप्पा २. बाटली, खोका, पत्रक आणि बिल जपून ठेवा

खोका फाडून चुलीत, पत्रक गोठ्यात आणि बिल घेतलेलंच नाही, ही नेहमीची अवस्था. चारही वस्तू हव्यात.

बाटली उरलेल्या औषधासकट ठेवा. धुवू नका, दुसऱ्या बाटलीत ओतू नका. स्वच्छ प्लास्टिक पिशवीत घालून तोंड बांधा आणि वर चिठ्ठी लावा: कधी घेतली, कधी फोडली, कोणी फोडली. लेबलवर थंड ठेवा असं असेल तर फ्रीजमध्ये, पण झाकणाच्या डब्यात आणि घरातल्या पोरांना सांगून.

खोका का? कारण खोक्यावरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा बॅच नंबर जुळत नसणं हा सगळ्यात ठसठशीत पुरावा. पत्रक का? कारण कायद्याचं कलम १७ फक्त लेबलापुरतं बोलत नाही. लेबल, वेष्टन किंवा औषधासोबत दिलेलं काहीही, त्यावर खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा असेल तर ते औषध मिथ्याछाप, म्हणजे चुकीच्या लेबलचं, ठरतं. आतल्या कागदावर 'दूध टाकून द्यायची गरज नाही' असं छापलं असेल तर तोही त्यात आला.

बिल नसेल तर? परत त्याच दुकानात जा आणि त्याच बॅचची आणखी एक बाटली साधेपणानं, बिलासकट विकत घ्या. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. "अण्णा, कालचीच द्या, आणि बिल द्या, संस्थेत लावायचंय," एवढंच. ही दुसरी बाटली उघडायची नाही, ती टप्पा ७ मध्ये लागेल. बिलावर तुमचं नाव, औषधाचं नाव, बॅच नंबर आणि एक्स्पायरी आहे का बघा. 'औषध – २४०' एवढ्याच बिलानं काही सिद्ध होत नाही.

दुकानात असतानाच भिंतीवर औषध विक्रीचा परवाना लावलाय का ते बघून घ्या. तो दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. पशुखाद्याच्या दुकानात पेंडीच्या पोत्यांमागून इंजेक्शन निघत असेल आणि भिंतीवर फक्त देवाचं कॅलेंडर असेल, तर विनापरवाना विक्री हा वेगळा आणि जड गुन्हा आहे. तेही तक्रारीत लिहा.

ऑनलाइन मागवलं असेल तर ऑर्डरचं पान, पार्सलवरचा पत्ता आणि पैसे भरल्याचा मेसेज, तिन्हींचे स्क्रीनशॉट काढा. विक्रेत्यानं पान काढून टाकायच्या आत.

सावधान: या टप्प्यात दुकानदाराशी भांडण नाही, एजंटला फोन नाही, ग्रुपवर फोटो नाही. कंपनीच्या प्रतिनिधीला कळवलं तर तो त्याच संध्याकाळी "बदलून देतो" म्हणत येतो आणि जाताना जुनी बाटली घेऊन जातो. माझ्या डोळ्यांदेखत असं झालंय. शेतकऱ्याला नवी बाटली मिळाली, वर एक मिनरल मिक्श्चरचा डबा फुकट, आणि तक्रारीचा विषयच गोठ्यातून निघून गेला.

## टप्पा ३. लेबल ओळीनं वाचा

भिंगाचा किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याचा उपयोग करा. जनावरांच्या अ‍ॅलोपॅथिक औषधाच्या लेबलवर हे असायलाच हवं:

१. औषधाचं मूळ नाव आणि घटकाचं प्रमाण. नुसतं झगमगीत ब्रँडनाव चालत नाही.

२. उत्पादकाचं नाव आणि कारखान्याचा पत्ता. फक्त 'मार्केटेड बाय' अमुक-तमुक एवढंच असेल तर बनवणारा कोण, हा प्रश्न उभा राहतो.

३. उत्पादन परवाना क्रमांक, म्हणजे 'एमएफजी लायसन्स नंबर' किंवा 'एम.एल.' या अक्षरांपुढचा आकडा.

४. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी.

५. 'नॉट फॉर ह्यूमन यूज; फॉर अ‍ॅनिमल ट्रीटमेंट ओन्ली' हे शब्द आणि पाळीव जनावराच्या डोक्याचं चिन्ह. गाय, घोडा, कुत्रा कोणतंही चालेल, पण डोकं हवं.

६. दूध, अंडी, मांस देणाऱ्या जनावराचं औषध असेल तर विथड्रॉवल पीरियड, म्हणजे औषध दिल्यानंतर किती दिवस ते दूध किंवा मांस वापरायचं नाही.

सहावा मुद्दा दूधवाल्यांनी पाठच करावा. २०१२ पासूनचा नियम असा की कंपनीनं आपला कालावधी शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध केला नसेल, तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे. आमच्या संकलन केंद्रावर अँटिबायोटिकचा अंश सापडला म्हणून दूध परत जायचं, तेव्हा शेतकरी बाटली आणून दाखवायचा: "हे बघा, यावर काहीच लिहिलेलं नाही." काहीच लिहिलेलं नाही, हीच तर खोट. कलम १७ नुसार विहित पद्धतीनं लेबल नसणं हेसुद्धा मिथ्याछापच.

आता एक पुडा जवळून पाहू. कुणाचा ते सांगत नाही. वर काळ्या-पांढऱ्या एचएफ (होल्स्टीन) गाईचं चित्र, तुडुंब कास. मोठ्या लाल अक्षरांत 'काससुजी, गाठी, रक्तदूध – ७२ तासांत खात्रीशीर'. पुडा उलटा केला की तळाच्या शिवणीजवळ, अर्धी अक्षरं शिवणीत गेलेली: 'पशुखाद्य पूरक, औषधी उपयोगासाठी नाही'. परवाना क्रमांक नाही. घटकांच्या यादीत 'हर्बल एक्स्ट्रॅक्ट क्यू. एस.', म्हणजे किती ते आम्ही सांगणार नाही. ही अलीकडची सगळ्यात वापरली जाणारी पळवाट: औषधाचा परवाना टाळायला खाद्य म्हणायचं आणि विकायला रोग बरा करण्याचा दावा करायचा. पण कायद्यात औषध ठरतं ते रोगाचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध या हेतूवरून. काससुजी बरी करतो म्हटलं की तो पुडा औषधाच्या कक्षेत आला. तक्रारीत समोरची आणि मागची अशी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहा. बाकी काही लिहिलं नाही तरी निरीक्षकाला मुद्दा कळतो.

आयुर्वेदिक म्हणून विकलं जाणारं औषध असेल तर कलमं वेगळी लागतात (३३-ई आणि पुढची), पण उत्पादन परवाना तिथंही हवाच. तक्रार देण्याची जागा तीच.

आणखी दोन गोष्टी बघा. लेबलच्या कडेला नख लावून पाहा. खाली दुसरं लेबल दिसतंय का? एक्स्पायरीवर स्टिकर आहे का? मात्र स्टिकर काढू नका, फक्त फोटो घ्या.

दुसरं, घटकाचं नाव बंदीच्या यादीत आहे का? डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००८ पासून बंद आहे, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपत आली म्हणून. किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक २०२३ पासून, निमेसुलाइड डिसेंबर २०२४ पासून. कोलिस्टिन खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत २०१९ पासून. यातलं काही जनावरांसाठी म्हणून विकलं जात असेल तर लेबल कितीही नीटनेटकं असो, तक्रार होते.

बिनलेबलच्या ऑक्सिटोसिनबद्दल, म्हणजे पान्हा सोडायच्या इंजेक्शनबद्दल, एक स्पष्ट बोलतो. पांढरी प्लास्टिकची बाटली, वर काहीच नाही, शंभर-दोनशे मिली. ही तर सरळ सरळ बेकायदा. पण तक्रार देण्याआधी आपल्या गोठ्याकडेही बघा. दूध वाढवायला असं इंजेक्शन टोचणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ खाली गुन्हा आहे. तक्रारीत "रोज देत होतो, हल्ली गुण येत नाही" असं लिहिणारा माणूस मी पाहिलाय. त्याचा अर्ज मी त्याच्या हातात परत दिला.

तपासा: पुढे जाण्याआधी तुमच्याकडे किमान सहा फोटो हवेत: खोक्याच्या सगळ्या बाजू, बाटलीचं लेबल, बॅच-एक्स्पायरीचा ठसा जवळून, पत्रक, बिल, आणि खोका-बाटली शेजारी ठेवून एक.

## टप्पा ४. तक्रार लेखीच द्या आणि जे पाहिलं तेवढंच लिहा

फोनवर सांगितलं, साहेब 'बघतो' म्हणाले, ही तक्रार नव्हे. औषध निरीक्षकाच्या कर्तव्यांत 'लेखी आलेल्या तक्रारीची चौकशी करणे' हे नियमातच आहे. म्हणजे कागद दिला की चौकशी हे त्यांचं काम होतं, नुसतं बोलणं हवेत जातं.

दुसरी चूक भाषेची. 'बनावट', 'भेसळ', 'मिथ्याछाप', 'अप्रमाणित' हे चार शब्द कायद्यात चार वेगळ्या गोष्टींचे आहेत. दुसऱ्या कंपनीच्या नावानं किंवा अस्तित्वातच नसलेल्या कंपनीच्या नावानं केलेलं ते बनावट. लेबल अपुरं किंवा खोटा दावा करणारं ते मिथ्याछाप. घटक कमी भरला तर अप्रमाणित. कोणता शब्द लागतो ते निरीक्षक आणि प्रयोगशाळा ठरवतील. तुम्ही 'बनावट' लिहिलंत आणि निघालं मिथ्याछाप, तर समोरचा वकील तिथंच बोट ठेवतो, वर बदनामीची नोटीस. 'संशय आहे' आणि 'लेबलवर असे आढळले' या दोन शब्दप्रयोगांत सगळं बसतं.

मसुदा असा:

> प्रति,
> मा. सहायक आयुक्त (औषधे), अन्न व औषध प्रशासन, (जिल्हा)
>
> विषय: जनावरांच्या औषधाच्या लेबलवरील त्रुटींबाबत व नमुना तपासणीबाबत.
>
> महोदय, मी (नाव, गाव, तालुका) येथील पशुपालक असून दि. ____ रोजी (दुकानाचे नाव व पत्ता) येथून ____ हे औषध बिल क्र. ____ ने खरेदी केले. बॅच क्र. ____, उत्पादन दिनांक ____, एक्स्पायरी ____, लेबलवरील उत्पादक ____.
>
> लेबलवर पुढील गोष्टी आढळल्या: (१) ____ (२) ____ (३) ____.
>
> सदर औषध बिल्ला क्र. ____ च्या गाईस दि. ____ रोजी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दिले. केस पेपरची प्रत जोडली आहे.
>
> दि. ____ रोजी याच बॅचचा साठा वरील दुकानात विक्रीस असल्याचे मी पाहिले. तरी साठा संपण्यापूर्वी नमुना घेऊन तपासणी व्हावी, माझे नाव गोपनीय ठेवावे व केलेल्या कार्यवाहीची माहिती मला लेखी मिळावी, ही विनंती.
>
> सोबत: बिलाची प्रत, छायाचित्रे, केस पेपर.

'साठा विक्रीस असल्याचे मी पाहिले' ही ओळ सगळ्यात मोलाची. निरीक्षकाकडे एका वेळी बरीच कामं असतात. आत्ता गेलं तर सापडेल हे कळलं की तुमचा कागद वर येतो.

सावधान: मूळ बिल आणि मूळ बाटली अर्जासोबत देऊन टाकू नका. प्रती जोडा. बाटली मागितली तर सही-शिक्क्याची पोच घेऊनच द्या.

## टप्पा ५. कुठं द्यायची

दुकान ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्याच्या एफडीए कार्यालयात, औषध विभागाकडे. तुमचं गाव जतला आणि दुकान अथणीत असेल, तर दुकान कर्नाटकात, म्हणजे तक्रार तिथल्या राज्याच्या औषध खात्याकडे. गोव्यातलं दुकान असेल तर बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे. कारखाना हिमाचलात की उत्तराखंडात याची काळजी तुम्ही करायची नाही, तो पत्रव्यवहार खातं करतं.

स्वतः जाऊन दिली तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. जमत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा. महाराष्ट्र एफडीएचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे. साठा हलण्याची भीती असेल तर आधी तिथं सांगा आणि त्याच दिवशी कागद पाठवा. फोन हा कागदाच्या जागी नाही, कागदाच्या पुढे धावणारा आहे.

माहितीसाठी एक प्रत जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना द्या. त्यांना कारवाई करता येत नसली तरी तीच बॅच आणखी कुठं त्रास देतेय का, हे दवाखान्यांतून त्यांना कळतं.

## टप्पा ६. निरीक्षक दुकानात गेल्यावर काय होतं

इथं तुमचं काम जवळजवळ नाही, पण काय घडतंय ते माहीत असावं.

निरीक्षक औषधाची वाजवी किंमत देऊन नमुना घेतो आणि दुकानदाराला फॉर्म १७ वर तशी लेखी सूचना देतो. नमुन्याचे चार भाग करून सील होतात, किंवा लहान बाटल्या असतील तर तीन-चार बाटल्याच घेतात. एक भाग दुकानदाराकडे, एक शासकीय विश्लेषकाकडे (सरकारी प्रयोगशाळेतल्या तपासनीसाकडे), एक न्यायालयासाठी आणि गरज असेल तर एक उत्पादकासाठी. उरलेला साठा विकू नये असा आदेश २० दिवसांपर्यंत देता येतो, किंवा साठा जप्त करता येतो. महाराष्ट्रात विश्लेषणाच्या प्रयोगशाळा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं आहेत.

म्हणून म्हटलं, तुमची फोडलेली बाटली म्हणजे माग. खटला उभा राहतो तो फळीवरच्या सीलबंद बाटलीवर.

दुकानदाराला औषध कुणाकडून घेतलं ते सांगावंच लागतं. त्यानं परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर माल घेतला असेल, नीट ठेवला असेल आणि खोट माहीत नसेल, तर कायदा त्याला संरक्षण देतो. हे लक्षात ठेवा. गावातला दुकानदार पुष्कळदा आपल्याइतकाच फसलेला असतो, आणि त्याच्या खरेदीच्या बिलावरूनच वरचा माणूस सापडतो.

तपासा: पंधरा दिवसांत काही कळलं नाही तर आवक क्रमांक घेऊन कार्यालयात जा आणि एकच प्रश्न विचारा: नमुना घेतला का, कोणत्या तारखेला?

## टप्पा ७. नमुना घेतला नाही, तर स्वतः तपासून घ्या

हा रस्ता फार थोड्यांना माहीत आहे. कलम २६ प्रमाणे कोणीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना स्वतः विकत घेतलेलं औषध शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते. अर्ज फॉर्म १४-ए वर, सोबत ठरलेली फी. अहवाल फॉर्म १४-बी वर मिळतो. फी चाचणीनुसार बदलते, म्हणून आधी प्रयोगशाळेत औषधाचं नाव सांगून विचारा, आणि किती बाटल्या लागतील तेही विचारा. एका दहा मिलीच्या व्हायलमध्ये सगळ्या चाचण्या होतीलच असं नाही.

टप्पा २ मध्ये घेतलेली न उघडलेली बाटली इथं द्यायची. उघडलेली दिली तर अहवालाला अर्थ राहत नाही. लस किंवा सीरम असेल तर तपासणीची व्यवस्था वेगळी आहे, आधी एफडीएला विचारा.

या अहवालावर थेट शिक्षा होत नाही, पण 'घटक कमी आहे' असा सरकारी कागद हातात आला की निरीक्षकाला नमुना घ्यायला कारण मिळतं आणि ग्राहक आयोगातही तो चालतो.

सावधान: एक्स्पायरी जवळ आलेल्या बाटलीवर वेळ घालवू नका. आरोपीला अहवालाला आव्हान देऊन फेरतपासणी मागण्याचा हक्क आहे. औषधाची मुदत संपल्यानं तो हक्क बुडाला म्हणून न्यायालयात खटले पडलेत. एक्स्पायरीला दोन-तीन महिनेच उरले असतील तर तक्रारीच्या विषयातच ती तारीख लिहा.

## टप्पा ८. अहवाल आल्यानंतर

अहवालाची प्रत कायद्यानं दुकानदाराला आणि उत्पादकाला जाते. तक्रारदाराला आपोआप येत नाही, म्हणून लोकांना वाटतं की प्रकरण दाबलं. समोरच्याला २८ दिवस मिळतात: अहवाल मान्य नसेल तर तसं लेखी कळवायचं. कळवलं नाही तर अहवालातली माहिती पक्की धरली जाते. कळवलं तर न्यायालयातला भाग केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे जातो. यात महिने जातात.

माहिती हवी तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. 'सर्व कागदपत्रे द्यावीत' असं लिहिलंत तर तपास सुरू आहे म्हणून नकार येईल. त्याऐवजी चार नेमके प्रश्न: नमुना घेतल्याची तारीख, विश्लेषकाकडे पाठवल्याची तारीख, अहवालाचा क्रमांक व दिनांक, अहवालाचा निष्कर्ष.

शिक्षा कोणती, हे प्रकारावर. मिथ्याछाप किंवा अप्रमाणित औषधासाठी साधारणपणे १ ते २ वर्षं आणि किमान २० हजार दंड. बनावट असेल तर किमान ७ वर्षं ते जन्मठेप आणि किमान ३ लाख, किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यात जे जास्त ते. विनापरवाना विक्रीला ३ ते ५ वर्षं आणि किमान १ लाख, किंवा तीच तिप्पट रक्कम. परवाना निलंबित होणं किंवा रद्द होणं ही खात्याची वेगळी कारवाई, ती खटल्याच्या कितीतरी आधी होऊ शकते.

## टप्पा ९. गाईचे पैसे कुठं मागायचे

एफडीए भरपाई देत नाही. तिथं जाऊन "माझी सव्वा लाखाची गाय" म्हणणाऱ्याला साहेब फक्त पाणी देतात.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येतं. औषधासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि औषधाची बाटली काही पाच लाखांची नसते. समोरचा पहिला आक्षेप ठरलेला: दूध विकता, म्हणजे व्यापारी, म्हणजे ग्राहक नाही. उत्तर कायद्यातच आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेली खरेदी व्यापारी हेतूत धरली जात नाही. चार गाई, घरचीच माणसं राबतात, हे दाखवायला दूध संस्थेचं पासबुक जोडा. दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगाराच्या त्या नोंदींवरून गाय आजारी पडण्याआधी किती लिटर जात होतं आणि नंतर किती, तेही तिथंच दिसतं.

मुदत २ वर्षं, तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून. एफडीएचा निकाल लागू दे मग बघू म्हणत थांबलेल्यांची ती मुदत तिकडेच सरते. टप्पा ५ मधली पोच आणि टप्पा १ मधला केस पेपर हातात आला की लगेच दाखल करा. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर जोडता येतो, आणि आयोग स्वतःही औषध तपासायला पाठवू शकतो. विमा असेल तर त्याचा दावा वेगळा. तो पॉलिसीत लिहिलेल्या वेळेतच कळवावा लागतो, आणि तिथं शवविच्छेदनाचा दाखला आणि कानातल्या बिल्ल्याचा फोटो मागतात. बिल्ला कानासकट पुरून आल्यावर आता काय करायचं ते विचारायला रात्री माझ्याकडे आलेला माणूस मला आठवतो. टिकाव घेऊन आम्ही दोघं परत शेतात गेलो होतो.